तैलचित्रांवरील बुरशी : पंचगंगा आणि आर्नो

श्रावणांतल्या कोल्हापूरचा विषय निघाला म्हणजे कोणी भरलेल्या रंकाळ्याविषयीं बोलतो, कोणी पन्हाळ्यावर उतरलेल्या धुक्याविषयीं. मी आज ज्या गोष्टीविषयीं बोलणार आहें ती इतकी रम्य नाहीं. परंतु जुन्या पेठांतील वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांना ती तितकीच परिचयाची आहे. दिवाणखान्यांत आजोबांचें किंवा पणजोबांचें मोठें तैलचित्र टांगलेलें असतें. पाऊस महिनाभर लागून राहिला कीं एके सकाळीं त्यांच्या काळ्या कोटावर, पागोट्याच्या सावलींत, करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नाजूक जाळी उमटलेली दिसते. जवळ जावें तों कुबट वास येतो. ही बुरशी.

आमच्या मामांच्या वाड्यांत असें एक चित्र होतें, अजूनही आहे. तें मामांच्या आजोबांचें. त्यांचें छायाचित्र कधीं काढलेंच गेलें नाहीं. त्यामुळें ते दिसावयास कसे होते हें सांगणारा त्या कापडाखेरीज दुसरा साक्षीदार घरांत नाहीं. मी सोळा-सतरा वर्षांचा असतांना गणपतीच्या आधींची झाडलोट चालली होती. मामी म्हणाल्या, "बाळ, तेवढं आजोबांचं चित्र पुसून घे की. बघवत नाही त्यांच्याकडं." मीं ओल्या फडक्यानें तें पुसलें. चित्र लखलखीत झालें. वाळावें म्हणून मीं तें अंगणांतल्या उन्हांत भिंतीला टेकून ठेवलें. तासाभरानें पाहतों तों कोटाचा रंग माशाच्या खवल्यांसारखा उचललेला, आणि डाव्या भिवईवरचा नखाएवढा तुकडा फरशीवर पडलेला! आठच दिवसांत बुरशी पुन्हां आली, आणि ती पूर्वीच्या दुप्पट जागेवर. माझ्या हातून काय चुकलें याचा उलगडा व्हावयास मला पुष्कळ वर्षें लागलीं. तोच उलगडा इतरांना, दूरदूरच्या देशांत, कसा होत गेला ती हकीकत आज सांगावयाची आहे.

तैलचित्र हा आपल्याकडील मूळचा प्रकार नव्हे. आपलीं जुनीं चित्रें भिंतीवर, कागदावर, क्वचित् कांचेवर. जवसाच्या तेलांत रंग खलून ते चौकटीवर ताणलेल्या कापडावर चढवावयाचे ही रीत युरोपांतून आली. आणि गंमत अशी कीं खुद्द युरोपांतही चित्राला कापडावर आणण्यास ओलच पुष्कळशी कारणीभूत झाली. व्हेनिस हें पाण्यांत उभें असलेलें शहर. तेथील राजप्रासादांतील भित्तिचित्रें खाऱ्या, दमट हवेनें थोड्याच काळांत खराब झालीं. तेव्हां पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील चित्रकार भिंत सोडून कापडाकडे वळले. जहाजांच्या शिडांचें जाड कापड त्या शहरांत हवें तितकें मिळत होतें. ओलीपासून पळून चित्र कापडावर आलें, आणि तीनशें वर्षांनीं तेंच कापड आमच्या मोसमी पावसाच्या तोंडीं दिलें गेलें.

मराठी मुलखांत ही कला आणणाऱ्या पहिल्या मंडळींत जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें नांव घ्यावें लागेल. तो १७९१ सालीं मुंबईस उतरला आणि पुण्याच्या दरबारीं असलेला इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयानें पुण्यास आला. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांचें त्यानें १७९२ सालीं काढलेलें भव्य तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहे. पुढें १८५७ सालीं मुंबईस सर ज. जी. कलाशाळा निघाली, आणि तैलरंगांचें पद्धतशीर शिक्षण आपल्या मुलांस मिळूं लागलें. त्या शाळेंत जे कोल्हापूरकर गेले त्यांत आबालाल रहिमान हे अग्रगण्य. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घराण्यांत जन्मलेला हा कलावंत शाहू छत्रपतींच्या दरबाराचा चित्रकार झाला आणि कोटितीर्थाच्या कांठीं फकिरासारखा राहिला. त्यांच्या मागून आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू आले. नाटकाचे पडदे रंगवितां रंगवितां ते चित्रपटाकडे वळले हें सर्वांस ठाऊक आहे. पण तैलरंगांतील व्यक्तिचित्र हें या गांवच्या चित्रकारांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या चरितार्थाचें साधन होतें हें आपण विसरतों. राजवाड्यांत, सरदारांच्या वाड्यांत, गुळाच्या अडत्यांच्या पेढीवर कापडावरचे पूर्वज दिसूं लागले ते यांच्या हातचे.

शाहू महाराज ६ मे १९२२ रोजीं वारले तेव्हां त्या दुःखाच्या भरांत आबालालांनीं आपलीं कितीतरी चित्रें पाण्यांत सोडून दिलीं असें कोल्हापुरांत सांगतात. गोष्ट तंतोतंत खरी असो कीं लोकांनीं वाढविलेली असो; जीं चित्रें उरलीं त्यांना मात्र पाणी हवेच्या वाटेनें दरसाल भेटावयास येतें. कोल्हापूर शहराचा पाऊस वर्षाकांठीं सुमारें ४० इंचांचा. गगनबावड्याच्या मानानें हा आंकडा अगदींच किरकोळ वाटेल; परंतु त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत पडतो, आणि जुलै-ऑगस्टांत हवेची सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० च्या वर दिवसेंदिवस टिकून राहते. बुरशीला याहून पुष्कळ कमी पुरतें. आर्द्रता शेंकडा ६५-७० च्या पलीकडे गेली आणि हवा कोंडलेली राहिली कीं तिचें काम सुरू होतें.

तिला चित्रांत खावयास काय सांपडतें, असें कोणी विचारील. वरवर पाहणाऱ्यास चित्र म्हणजे रंग. वास्तविक तें थरांचें बांधकाम आहे. तळाशीं तागाचें किंवा सुती कापड. त्याला जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेला सरस पाजलेला. त्यावर खडू अगर सफेत्याचा पांढरा लेप. त्यावर जवसाच्या तेलांतले रंग. आणि सर्वांत वर राळेचें रोगण. यांतील सरस म्हणजे बुरशीचें पक्वान्न. कापडाचे धागेही तिला चालतात. म्हणून अनुभव असा कीं बुरशी पुष्कळदां पाठीमागून येते. भिंतीकडे वळलेली, कधीं कोणी न पाहिलेली, धुळीनें माखलेली कापडाची पाठ ही तिची खरी वसाहत. दर्शनी भागावर जी नक्षी आपल्याला दिसते ती त्या वसाहतीची उशिरा आलेली वार्ता असते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम अशीं या कुळांचीं शास्त्रीय नांवें आहेत. यांपैकीं पेनिसिलियमच्याच एका जातीनें १९२८ सालीं फ्लेमिंगच्या बशींत उगवून मानवजातीवर उपकार केले. पण आजोबांच्या कोटावर बसलेल्या तिच्या बहिणीबद्दल कृतज्ञता वाटणें कठीण आहे.

आतां पावसाळी मुलूख सोडून थोडें थंड देशांत जाऊं या, कारण या विषयांतला पहिला मोठा धडा तेथें मिळाला, आणि तो असा कीं बुरशीसारखें दिसणारें सर्वच बुरशी नसतें. बव्हेरियाच्या राजधानींत, म्यूनिक येथें, आणि जवळच्या श्लाइसहाइमच्या प्रासादांत राजघराण्याचा चित्रसंग्रह होता. १८६० नंतरच्या सालांत तेथील चित्रांवर करडें, दुधाळ पटल दिसूं लागलें. जाणत्या मंडळींनीं निदान केलें : बुरशी! उपाय म्हणून पुसणें, तेल चोळणें, रोगण फेडून नवें चढविणें हें सर्व सुरू झालें. चौकशीसाठीं नेमलेल्यांत माक्स फॉन पेटेनकोफर हा रसायन आणि आरोग्यशास्त्राचा पंडित होता. त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तों बहुतेक ठिकाणीं बुरशी नव्हतीच. हवेंतील ओल रोगणांत पुनःपुन्हां शिरून आणि वाळून त्या पारदर्शक थराला असंख्य सूक्ष्म भेगा पडल्या होत्या. अखंड कांच पारदर्शक असते, पण तिचा चुरा केला तर पांढरा दिसतो. तसाच हा प्रकार. १८६३ सालीं त्यानें उपाय काढला : चित्र बंद पेटींत ठेवून त्याला मद्यार्काची नुसती वाफ द्यावयाची, म्हणजे रोगण किंचित् विरघळून भेगा सांधल्या जातात आणि चित्र पुन्हां उजळतें. लोकांना हा जादूचा प्रयोग वाटला. पुढें अनुभवानें कळलें कीं ती वाफ रोगणापाशीं थांबत नाहीं, खालचा रंगही मऊ करते. म्हणून तो उपाय मागें पडला. पण निदान टिकलें. हाच पेटेनकोफर पुढें १८९२ सालीं, पटकीचें मूळ केवळ जंतूंत नाहीं हें आपलें मत सिद्ध करण्याकरितां, पटकीच्या जंतूंचा पेला सर्वांसमक्ष प्याला आणि वांचला! माणूस दरवेळीं बरोबर असतोच असें नाहीं. चित्रांच्या बाबतींत मात्र तो बरोबर होता.

घरच्या घरीं हा भेद ओळखतां येतो. अंधाऱ्या खोलींत विजेरीचा प्रकाश चित्रावर अगदीं तिरपा टाकावा आणि भिंगानें पाहावें. बुरशी असेल तर ती पृष्ठभागावर उभारून आलेली, तंतुमय किंवा पिठासारखी दिसते, ठिपक्याठिपक्यांनीं असते, तिला वास असतो, आणि पाठ पाहिली तर तेथेंही सांपडते. रोगणाचें पटल सपाट, निळसर आणि सर्वत्र सारखें पसरलेलें असतें. ज्यानें हें पाहिलें नाहीं त्यानें हातांत फडकें घेऊं नये.

पण आपण घेतों! आमच्याकडे कापलेला बटाटा चोळतात, खोबरेल लावतात, रॉकेलचा बोळा फिरवितात. बटाट्याचें सत्त्व म्हणजे बुरशीला पुढच्या वर्षाचा शिधा. खोबरेलावर धूळ बसून चित्र काळवंडतें. आणि रॉकेल रोगणाला काय करतें तें चित्राचें दैव. युरोपीय पंडितांनाही हंसण्याचें कारण नाहीं. चित्राचें जीर्ण कापड बळकट करण्यासाठीं त्याच्या पाठीला दुसरें कापड चिकटविण्याची रीत तिकडे रूढ होती, आणि चिकटवीत कशानें, तर कणकेच्या आणि सरसाच्या खळीनें. दमट जागीं ही खळ म्हणजे बुरशीला आयतें भोजन. रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या जगप्रसिद्ध चित्राला १८५१ सालीं हॉपमन नांवाच्या डच कारागिरानें खळीऐवजीं मेण व राळ वापरून अस्तर लावलें, आणि ओलीवर तोडगा सांपडला असें वाटून ही डच पद्धत जगभर पसरली. पुढें दिसून आलें कीं मेण कापडांत मुरून रंगांची छटा गडद करतें आणि एकदां मुरलें कीं पुरतें काढतां येत नाहीं. १९७४ सालीं ग्रिनिच येथें भरलेल्या परिषदेंत या सगळ्या अस्तरबाजीचाच फेरविचार झाला.

एका औषधाची गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघराशीं जुळलेली आहे. ओव्याचें फूल आपण पोटदुखीवर वापरतों. शास्त्रज्ञ त्याला थायमॉल म्हणतात. विसाव्या शतकांत पाश्चात्य संग्रहालयांतून बुरशी लागलेले कागद व चित्रें बंद कपाटांत ठेवून त्यांना थायमॉलची धुरी देत असत. वास घरगुती, परिणाम तात्कालिक. परंतु ही वाफ रोगण मऊ करते, आणि कपाटाबाहेर चित्र पुन्हां ओल्या हवेंत गेलें कीं बुरशी पुन्हां येते, कारण तिचे बीजकण हवेंत सर्वत्र आणि सर्वकाळ आहेत. ते संपविण्याचें औषध नाहीं. ही गोष्ट नीट पटावयास एक मोठा अनर्थ व्हावा लागला, आणि तो ज्या नदीच्या कांठीं झाला तिचें कोल्हापूरशीं जुनें आणि दुःखाचें नातें आहे.

विलायतेहून परत येत असतां कोल्हापूरचे तरुण छत्रपति राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निवर्तले. वय अवघें वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदु पद्धतीनें त्यांचा अंत्यविधि झाला, आणि १८७४ सालीं तेथें छत्री उभारली गेली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडाही त्यांच्याच कल्पनेंतले. फ्लॉरेन्सच्या वेशीवर दख्खनच्या राजाचा रंगीत अर्धपुतळा आजही नदीकडे पाहत उभा आहे.

त्या आर्नोला ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं महापूर आला. कांहीं भागांत पाणी सहा मीटरांपर्यंत चढलें, आणि घरोघरचीं जळणाच्या तेलाचीं टाकीं फुटून तें तेल चिखलांत मिसळलें. चिमाब्यूएच्या प्राचीन क्रूसचित्रावरील निम्म्याहून अधिक रंग वाहून गेला. देशोदेशींचीं मुलें ग्रंथ व चित्रें चिखलांतून काढावयास धांवलीं. पण पाणी ओसरल्यावर खरी परीक्षा सुरू झाली : भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढूं लागली. कोणालाही वाटेल, उन्हांत घाला, शेगड्या पेटवा. तेथील तज्ज्ञांनीं नेमकें उलट केलें. निखळूं पाहणारे रंग जागच्या जागीं राहावेत म्हणून त्यांवर पातळ जपानी कागद चिकटविला. पिटी राजवाड्याच्या बागेंत लिंबाचीं झाडें हिंवाळ्यांत ठेवण्याचें एक लांबलचक घर आहे. तें बंदिस्त करून लांकडी फळ्यांवरचीं चित्रें त्यांत ठेवलीं, आणि आंतील हवा मुद्दाम शेंकडा ९० च्या आसपास ओली राखून ती महिनोन्महिने इंचाइंचानें कोरडी केली. इतक्या ओल्या हवेंत बुरशी माजूं नये म्हणून निस्टॅटिन या औषधाचा फवारा मारीत राहिले. कारण असें कीं लांकूड काय, कापड काय, सरस काय, पाणी पिऊन फुगतात आणि एकदम वाळविलें तर एकदम आक्रसतात. जुना रंग मात्र कडक झालेला असतो, तो त्यांच्याबरोबर आक्रसूं शकत नाहीं, म्हणून तो उचलतो आणि गळतो.

हें मीं वाचलें तेव्हां मामांचें अंगण डोळ्यांपुढें उभें राहिलें. ओल्या फडक्यानें मीं सरस फुगविला, बुरशीचे तंतू व बीजकण रंगाच्या बारीक भेगांत चोळून घातले, आणि मग उन्हानें कापड ताडकन् ओढलें. बुरशीनें वीस वर्षांत जें केलें नव्हतें तें मीं एका सकाळींत केलें.

आतांची रीत थोडक्यांत सांगतों. बुरशी दिसतांच चित्र हळूच उतरवून इतर चित्रांपासून दूर, कोरड्या आणि वारा खेळणाऱ्या खोलींत, सावलींत उभें करून ठेवावें. चौकटीवरून कापड सोडवूं नये. ओली, लोंवदार बुरशी असेल तोंवर तिला हातच लावावयाचा नाहीं, ती फक्त पसरते. खोलीची आर्द्रता शेंकडा ५५ च्या आसपास सावकाश उतरली कीं बुरशी निद्रिस्त होते, सुकते, पिठासारखी सुटी होते. यास दोन आठवडे लागोत कीं चार. मग नाकातोंडावर चांगलें आवरण आणि हातांत मोजे घालून, आधीं पाठ आणि मागाहून दर्शनी बाजू, अतिशय मऊ कुंचल्यानें झटकावी. झटकलेलें पीठ हवेंत उडूं न देतां धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या तोंडाकडे न्यावें; यंत्राच्या तोंडावर जाळीचें कापड बांधावें, आणि यंत्राची गाळणी बारीकांतल्या बारीक कणाला अडविणारी असावी, नाहीं तर एका बाजूनें ओढलेले बीजकण दुसऱ्या बाजूनें घरभर होतील. रंग कोठें उचललेला किंवा सुटलेला दिसला तर तेथेंच थांबावें. तेथून पुढें काम संवर्धकाचें आहे. तो मद्यार्काचा उपयोग करतो, पण बोटभर जागेवर आधीं पारख करून. कारण ज्या मद्यार्कानें बुरशी मरते त्यानेंच रोगण विरघळतें. आणि एक निराशेची गोष्ट आधींच सांगून ठेवावी : बुरशी गेली तरी तिनें सोडलेला डाग पुष्कळदां जात नाहीं.

अशा संवर्धनाची सोय आपल्या देशांत उशिरा झाली. लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ ची, इन्टॅक ही संस्था १९८४ ची. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतही आतां असें केंद्र आहे. कोल्हापुराला याची निकड किती, हें २०१९ च्या ऑगस्टांत कळलें. राजाराम बंधाऱ्याशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, आणि २०२१ च्या जुलैंत पुन्हां तसेंच. अशा पुरांत पाणी शेवटीं उतरतें. भिंतींतली ओल दसऱ्याच्या पुढेंही उतरत नाहीं, आणि चित्र त्याच भिंतीवर पुन्हां टांगलें जातें.

मामांचें चित्र शेवटीं मुंबईस एका संवर्धकाकडे नेलें. त्यानें पाठ उघडून दाखविली तेव्हां आम्हां सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. पुढल्या बाजूस दिसत होतें त्याच्या दसपट मागें होतें. भिवईवरच्या मोकळ्या जागेकडे पाहून त्यानें विचारलें, "हा तुकडा असेल का कुठं?" तो होता. मामींनीं तो त्याच दिवशीं उचलून हळदीकुंकवाच्या करंड्यांत कापसांत गुंडाळून ठेवला होता, आणि इतक्या वर्षांत मला एका शब्दानेंही बोलून दाखविलें नव्हतें. भिंगाखालीं तो जागेवर बसला. कडेनें एक केंसाएवढी रेघ राहिली आहे. आतां चित्र पश्चिमेच्या पावसाळी भिंतीवरून काढून आंतल्या भिंतीवर टांगलें आहे, पाठीमागें चार कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावून, म्हणजे मधून वारा फिरावा. मामींची सून आर्द्रा लागल्यापासून दर पंधरवड्यास विजेरी घेऊन त्याच्या पाठीमागें डोकावते.